ब्रिजिट विसावली!

आमच्या लुगोम्बे गावात माणूस जन्माला येतो तो स्वतःच्या जबाबदारीवर. पण त्याचं लग्न आणि मयत मात्र जफेथ लिहांडाच्या जबाबदारीवर होतं! जफेथ लिहांडा म्हणजे मी. मांडव माझा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या माझ्या, जनरेटर माझा आणि दोन भोंगेही माझेच. भोंगे असे, की इथं मी नुसता घसा खाकरला तरी पलीकडच्या टेकडीवरच्या कोंबड्या अंडं अर्धवट टाकून उठतात! छातीठोकपणे सांगतो, माझ्या कार्यक्रमात आजवर एकही गोष्ट चुकलेली नाही. एकदा नवरा चुकला होता, पण तो आपल्या पायांनी दुसऱ्याच मांडवात जाऊन बसला होता. त्यात माझा काय दोष?

तर त्या मंगळवारी मी म्हाताऱ्या खडकावर बसलो होतो. आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त तिथंच येते, आणि तीसुद्धा उत्तरेकडे तोंड करून बसलं तर. फोन वाजला. कानाला लावला.

"जफेथ! मी डोनल!"

मी खडकावरून पडायचाच बाकी राहिलो! आयर्लंडचा डोनल! सात वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको ब्रिजिट आमच्या गावात स्वयंसेवक म्हणून येऊन राहिले होते. तोवर आमचा झरा म्हणजे गाईंचा, पोरांचा आणि बेडकांचा सामाईक चिखल होता. पोरांची पोटं बारा महिने बिघडलेली. गावाबरोबर दगड वाहून या दोघांनी तो झरा बांधला, नळी बसवली. आजही गाव तेच पाणी पितं. ब्रिजिट तर कागेहाआजीच्या अंगणातल्या खोलीत राहून आमचीच झाली होती. आजीनं तिला आपल्या आईचं नाव दिलं, मुहोंजा, आणि ती आजीला आई म्हणायला लागली. या मुहोंजाला सगळं काही आलं, फक्त आमची मक्याच्या पिठाची उगाली शिजवायला आली नाही. एक दिवस पेज व्हायची, दुसऱ्या दिवशी वीट! आजी दोन्ही गुपचूप खायची.

डोनलला आमची भाषा येते. म्हणजे शब्द येतात. ते कुठं बसवायचे ते येत नाही. त्यातून खडकावरची रेंज! आणि पलीकडून सारखं नाक ओढल्याचा आवाज.

"कसे आहात दोघं?" मी ओरडून विचारलं.

"मी ठीक." सूं... सूं... "ब्रिजिट... ब्रिजिट विसावली."

 आता तुम्हीच सांगा, आमच्यात काय आणि तुमच्यात काय, माणूस "विसावला" म्हणजे काय होतं?

"कधी?" मी कसाबसा बोललो.

"आज सकाळी. नैरोबीत. फार त्रास झाला तिला. पण आता शांत आहे." सूं... "शुक्रवारी मी तिला घेऊन गावी येतो. एक पेटी आहे. लांब. फार जड. उचलायला माणसं पाहिजेत, गाडी पाहिजे."

"सगळं करतो, भाऊ! तू काळजी करू नकोस!"

"आणि खणायचंय. खोल खणायचं. झऱ्याजवळ. ब्रिजिटची तीच इच्छा आहे. फावडी काढून ठेव. मीसुद्धा खणणार!"

आणि रेंज गेली.

मी खडकावर बसून लहान पोरासारखा रडलो. मग डोळे पुसले. एवढ्या लांबून, मरताना तिला आमचं गाव आठवलं होतं! आता तिचं मयत असं व्हायला पाहिजे, की असं मयत मिळावं म्हणून माणसानं मरावं!

घरी येऊन बायकोला सांगितलं. ट्रुफेना आधी मटकन बसली, डोळ्याला पदर लावला. मग तो पदर बाजूला करून म्हणाली, "अहो, तुम्ही नीट ऐकलंत ना?"

"म्हणजे? मी काय बहिरा आहे?"

"बहिरे नाही हो. पण भोंग्यांच्या बाजूला उभं राहून राहून... परवा मी मीठ आणा म्हणाले, तुम्ही पीठ घेऊन आलात. फोन करा की परत."

"माणसाची बायको गेलीय आणि मी त्याला फोन करून विचारू, की बाबा, नक्की गेली ना? माणुसकी आहे का काही?"

तरी तिच्या समाधानासाठी मी पुन्हा खडकावर गेलो. फोन लावला. "आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता..." ती यंत्रातली बाईसुद्धा मला रडवेली वाटली. मग मात्र मी भोंगा लावला आणि बातमी सांगितली.

गाव हललं! बायका हंबरडा फोडत वाटेवर धावल्या. चहाच्या मळ्यातली माणसं टोपल्या टाकून आली. कागेहाआजी मात्र नुसती उठली आणि ब्रिजिटची जुनी खोली झाडायला लागली.

संध्याकाळ व्हायच्या आत तिच्याच अंगणात बैठक बसली. पहिला प्रश्न जागेचा. झऱ्याजवळ पुरलं तर पाणी कोण पिणार? ज्येष्ठ मंडळींनी दाढ्या कुरवाळल्या. आमच्याकडे जमीन किती, तर बापानं मुलांत वाटली की प्रत्येकाला उभं राहण्यापुरती येते. बसायचं झालं तर शेजाऱ्याला विचारावं लागतं! अशा गावात परक्या देशातल्या बाईला कोण जागा देणार?

"बाईला नवऱ्याच्या भूमीत पुरतात," एक म्हातारबा म्हणाले. "हिच्या नवऱ्याची भूमी समुद्रापलीकडं."

कागेहाआजी काठी टेकत उठली. "ॲव्होकॅडोच्या झाडाखाली माझी स्वतःसाठी राखलेली जागा आहे. तिथून झरा दिसतो. तिथं खणा."

"अगं आजी, मग तू?"

"मला काय घाई आहे? माझी पोर आधी आलीय."

म्हातारबांनीच उठून पावलांनी जागा मोजायला घेतली. 

दुसरा प्रश्न एनोसनं काढला. एनोस म्हणजे आमच्याकडचा कबरी खणणाऱ्यांचा म्होरक्या. माणूस आडवा-उभा, शब्द मोजून टाकणारा.

"नवरा स्वतः खणणार म्हणतोय?" त्याचे डोळे पांढरे झाले. "बायकोची कबर नवरा खणतो? असं कुठं झालंय?"

"दुःखानं डोकं फिरलं असेल त्याचं," मी समजूत घातली.

"मग फावडी त्याच्या हाताला लागता कामा नयेत. आपण आधीच खणून ठेवू आणि फावडी लपवू."

ठरलं! पुढचे दिवस मी पायाला भिंगरी लावून हिंडलो. मांडव ठोकला. बैल कापायचं ठरलं. चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींनी इतका सराव केला, की त्यांचे घसे बसून मयताला साजेसे झाले. ब्रिजिटचा मोठा फलक करून आणला. अडचण एवढीच, की गावात तिचा एकच फोटो होता, भाजलेल्या कणसाचा लचका तोडतानाचा. दुकानदारानं कणीस पुसून टाकलं. त्यामुळे फलकावर ब्रिजिट आ वासून कुणाला तरी चावायला निघाल्यासारखी दिसत होती. खाली आमच्या भाषेत, रीतीप्रमाणे जन्म आणि मृत्यू लिहिला, "सूर्योदय : माहीत नाही. सूर्यास्त : मंगळवार."

शुक्रवार उजाडला. सात टेकड्यांवरून माणसं आली. ज्यांनी ब्रिजिटला कधी पाहिलं नव्हतं तेही आले, आणि तेच जास्त रडत होते. चवकालीच्या बसथांब्यावर मी एक पिकअप पाठवली होती. पुढं लाल फडकं बांधलेली, मयताच्या गाडीला बांधतात तसं. ड्रायव्हर तिकडचाच, या लोकांना न ओळखणारा. त्याला सांगितलं होतं, "एक गोरा माणूस आणि एक लांब पेटी. जपून आण."

त्यानं तस्संच केलं! दुपारी पिकअप वळणावर दिसली. मागं खरोखरच माणसाएवढी लांब लाकडी पेटी आणि पेटीवर हात ठेवून बसलेला डोनल. नाक लालबुंद, डोळ्यांतून पाणी.

मी भोंग्यावर म्हणालो, "आली! आपली मुहोंजा आली!"

जो आक्रोश झाला म्हणता! बायका जमिनीवर लोळल्या. डोनलनं गाडीतून उडी मारली, मांडव पाहिला, गर्दी पाहिली, आणि त्याचा चेहरा उजळला. "एवढी माणसं! आमच्यासाठी?" आणि तोही रडायला लागला. पुढच्याच क्षणी त्याला फलक दिसला. "ब्रिजिट! केवढी मोठी!" असं म्हणून त्यानं खिशातून फोन काढला आणि फलकापुढं उभं राहून, दात दाखवून स्वतःचा फोटो काढला!

गर्दीत कुजबूज झाली. "बिचारा! डोकं गेलं!"

"फावडं कुठाय?" डोनल बाह्या सरसावत म्हणाला.

एनोस आणि त्याची दोन माणसं झेपावली. त्यांनी डोनलला दोन्ही बाजूंनी धरून खुर्चीत दाबून बसवलं. "शांत हो, भावा. आम्ही खणलंय."

"खणलंत? सगळं?" डोनल थक्क. "वा! तुम्ही किती चांगले!"

कागेहाआजी डोक्यावरून घोंगडी घेऊन त्याच्यापाशी आली. त्याचा हात हातात घेतला. "कशानं झालं रे बाबा?"

"विमानातल्या जेवणानं, आजी."

"काय जेवली?"

"कोंबडी."

सगळ्या मांडवाचा श्वास अडकला! आमच्यात कोंबडी म्हणजे पाहुण्याचा मान, जावयाचा हक्क, पाद्र्याची कमजोरी! त्या कोंबडीनंच घात केला? मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तोंडातली तंगडी हळूच कागदात गुंडाळून ठेवली.

"फार त्रास झाला का तिला?"

"फार! पण आता एकदम छान. काही दुखत नाही. हसतेय!"

"हसतच राहायची ती," आजी डोळे पुसत म्हणाली.

"येतेच आहे ती मागून," डोनल म्हणाला.

"हो रे. आत्मा येतोच मागून."

डोनलनं मान डोलावली. 'आत्मा' हा शब्द त्याला माहीत नव्हता. त्याला वाटलं, मोटारसायकलचं स्थानिक नाव असेल!

पेटी ॲव्होकॅडोच्या झाडाखाली ठेवली. आजी तिच्याशेजारी जमिनीवर बसली, मान खाली घालून. आणि मी माईक हातात घेतला. श्रद्धांजली माझी! तीन दिवस आरशासमोर तयार केलेली.

"मित्रहो! ब्रिजिट मुहोंजा म्हणजे चालतंबोलतं पाणी! ती आली तेव्हा आपण चिखल पीत होतो. तिनं आपल्या पोरांची पोटं वाचवली..."

इथं डोनलनं जोरात टाळ्या वाजवल्या. एकट्यानं! एनोसनं त्याचे हात धरले. मी पुढं चाललो.

"...तिची उगाली, मित्रहो, देवानं क्षमा करावी अशी होती. पण तिचं मन? लोणी! आज ती वरून आपल्याकडं पाहते आहे!"

आणि आता सांगतो काय घडलं ते. वरून, म्हणजे आमच्या टेकडीच्या वरच्या वाटेनं, एक मोटारसायकल खाली येत होती. मागं बसलेली बाई कोण, हे आता तुम्हाला सांगायला नको. चवकालीच्या बाजारात उतरून ती आजीसाठी पाव आणि साखर घ्यायला थांबली होती. नवऱ्याला म्हणाली, तू पेटी घेऊन हो पुढं. ऊन लागतंय म्हणून डोक्यावरून कापड घेतलेलं.

वळणावरून तिला दिसलं काय? कागेहाआजीचं अंगण. मांडव. लांब पेटी. शेजारी ताजा खणलेला खड्डा. आणि हंबरडा; मोटारसायकलच्या फटफटाटात भोंग्यावरचे शब्द मात्र तिला कळले नाहीत. फलकाची पाठ तिच्याकडं होती.  सात वर्षं मनात घोकलेलं, की आजी आहे ना, आजी भेटेल ना. उशीर झाला! तिच्या हातातला पाव खाली पडला आणि ती "आई गंऽऽ" करत उतारावरून धावत सुटली.

लोकांनी वाट करून दिली. मयताच्या घरी रडत धावणाऱ्या बाईचं तोंड कोण बघतं? ती थेट येऊन पेटीवर कोसळली.

"आई! थोडी थांबली असतीस गं! मी येतच होते!"

शेजारी घोंगडीत बसलेली आजी, मान वर न करता, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "रडू नको पोरी. देवानं दिलं, देवानं नेलं."

"माझी आई गेली हो!"

"कोण तुझी आई, बाळ?"

"कागेहा!"

आजीचा हात थांबला. "कागेहा तर मी आहे."

माईक माझ्या हातात होता. श्रद्धांजली माझ्या घशात होती. साऱ्या मांडवात जनरेटरच तेवढा बोलत होता.

ब्रिजिटनं डोक्यावरचं कापड मागं सारलं. आजीनं घोंगडी मागं सारली. दोघी नाकाला नाक लावून एकमेकींकडं पाहत राहिल्या.

"आणि तू कोण?" आजीनं हळूच विचारलं.

"मी ब्रिजिट."

मग जे झालं त्याला पळापळ म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं! गाणारी मंडळी चहाच्या मळ्यात घुसली. जाड्या आवाजाचा गायक, जो एरवी पायरी चढताना दोनदा थांबतो, तो ॲव्होकॅडोच्या शेंड्यावर दिसला. पाद्रीबाबा बायबल डोक्यावर धरून माझ्या जनरेटरखाली शिरले. आयुष्यात कशालाही न घाबरलेला एनोस मागं सरकता सरकता स्वतः खणलेल्या खड्ड्यात पडला, आणि आतून ओरडायला लागला, "मी नाही! मी नाही! मी जिवंत आहे!"

जागची हलली नाही ती एकटी कागेहाआजी. तिनं ब्रिजिटचा गाल चिमटीत धरून ओढला. मानेजवळ नाक नेऊन वास घेतला.

"घामाचा वास येतोय," ती म्हणाली. "मेलेल्याला घाम येत नाही."

आणि फाडकन तिच्या पाठीत धपाटा घातला. "मग मेलीस कशाला, भवाने? तीन दिवस जेवले नाही मी!"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की ते रडणं ऐकून माणसं एकेक करत मळ्यातून बाहेर आली. डोनल मात्र खुर्चीतच बसून होता. तो मला हळूच म्हणाला, "जफेथ, स्वागत फारच सुंदर आहे. पण पेटी कधी उघडायची? आत नळ्या आहेत. झऱ्यासाठी. नव्या!"

"पण तू म्हणालास विसावली!"

"हो! हॉटेलात! पोट बिघडलं, औषध दिलं, मग विसावली. झोपली!"

"आणि नाक ओढून रडत होतास ते?"

"सर्दी!" असं म्हणून त्यानं पुराव्यादाखल शिंकून दाखवलं.

हा सगळा संवाद दोन्ही भोंग्यांवरून सात टेकड्यांना स्पष्ट ऐकू गेला, कारण माईक बंद करायचं माझ्या लक्षातच नव्हतं.  मग सगळं गाव एका सुरात म्हणालं, "जऽफेऽथ!"

 मिठाची पुडी दाखवतात तशी ट्रुफेनानं रिकामी मूठ मला लांबूनच दाखवली.

लोक मला काय करणार होते देव जाणे. पण तेवढ्यात ज्येष्ठ मंडळींपुढं मोठाच पेच उभा राहिला. उघडी कबर! आमच्यात खणलेली कबर रिकामी ठेवत नाहीत. ठेवली तर ती कुणाला तरी हाक मारते. रीत अशी, की देह नसेल तर केळीचा बुंधा पुरायचा.

एनोसला दोर टाकून वर काढलं आणि तोच केळ उपटायला गेला. पाद्रीबाबा म्हणाले, केळीसाठी प्रार्थना त्यांना शिकवलेली नाही. मग त्यांनी "हे प्रभू, जे काही हे आहे ते तुझ्या हाती" एवढ्यावर भागवलं. ब्रिजिट स्वतःच्या मयताला पहिल्या रांगेत उभी होती. बुंधा खाली सोडताना सगळ्यात मोठ्यानं तीच रडली.

"तू का रडतेस?" डोनलनं विचारलं.

"जागा पाहिलीस?" ती म्हणाली. "ही आईनं स्वतःसाठी ठेवली होती."

मग बैल खाल्ला. मयताला आलेली माणसं परत कशी पाठवायची? जेवून तृप्त झालेल्या जमावाला कोणीतरी म्हणालं, "पेटीतल्या नळ्या तरी बघू." लपवलेली फावडी निघाली. एवढ्या गर्दीनं झऱ्यापासून शाळेपर्यंतचा चर असा खणला, की डोनलला महिनाभराचं वाटलेलं काम रविवारच्या प्रार्थनेआधी उरकलं! बिचाऱ्याला एकदाही फावडं हातात मिळालं नाही. एनोस अजूनही त्याच्यावर डोळा ठेवून होता.

त्यानंतरही लांबलांबून माणसं सांत्वनाला येतच राहिली. ब्रिजिट त्यांना चहा करून द्यायची.

"फार वाईट झालं हो. मयत कोणाचं?"

"माझं. साखर किती घालू?"

दोघं परत गेली त्याच्या आदल्या दिवशी ब्रिजिटनं आजीला हळूच विचारलं, "आई, मी खरंच मेले, तर ती जागा माझी ना?"

आजीनं झाडाकडं बोट दाखवलं. एनोसनं घाईत केळ कंदासकट उपटलं होतं आणि कबरीतून हिरवागार कोंब वर आला होता! "आता कुठली?" आजी म्हणाली. "तिथं दुसरीच कोणी राहायला आलीय. तू आपली जिवंतच ये."

सगळ्याचा शेवट गोड झाला. फक्त माझा सोडून! मागच्या महिन्यात वरच्या आळीतले वयोवृद्ध अमुगुनेबाबा खरोखर वारले. मी भोंग्यावरून गहिवरून बातमी दिली. एक माणूस आला नाही! उलट जो तो विचारी, "नीट ऐकलंस का, जफेथ? झोपले असतील!" दोघं जाऊन म्हातारबांच्या तळपायाला गुदगुल्या करून आले. शेवटी मी त्यांच्या थोरल्या मुलाच्याच हातात माईक दिला. तो हुंदके देत म्हणाला, "लोकहो, माझे वडील गेले!"

खालच्या आळीतून कुणीतरी ओरडलं, "तुला कुणी सांगितलं? जफेथनंच ना?"